एक ओळ खाली

प्वेर्तो माँटच्या प्रयोगशाळेत, ओल्या लाकडाच्या शेगडीशेजारी,
माझ्या पडद्यावर एलिसेओ चिग्वायचा समुद्र उभा आहे:
स्तंभ ब. चार हजार चारशे सोळा ओळी,
मार्च ते ऑगस्ट, एक जुना हिवाळा.
दर तासाला एक आकडा, सेंटिमीटरमध्ये,
चिलोएच्या एका खाडीत रोवलेल्या पट्टीवरून
दिवसा त्याने, रात्री कंदील धरून कधी त्याने, कधी भावाने वाचलेला.

शेजारी स्तंभ अ: चंद्राचं गणित.
त्याला झोप येत नाही, सर्दी होत नाही.
नऊ जूनच्या पहाटेपर्यंत दोन्ही रेघा
एकाच ताटात जेवतात.
मग वहीत पाच घरं रिकामी,
आणि तिथून पुढे एलिसेओची भरती
चंद्राच्या एक तास आधी येते.
रोज.

"माणसं चुकतात," ओयार्सो म्हणाला, नळीने माते ओढत,
"तिथून पुढचं सगळं एक ओळ खाली ढकल.
स्क्रिप्ट लिही. हाताने करशील तर म्हातारी होशील."

लिहिली. वरून सुरुवात केली,
वाचतो आपण वरून, म्हणून.
पहिला आकडा दुसऱ्याच्या घरात,
दुसरा तिसऱ्याच्या,
पण दुसरा होताच कुठे?
त्याच्या घरात पहिलाच बसलेला, पाय पसरून.
डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच समुद्र आडवा:
दोनशे चौदा, दोनशे चौदा, दोनशे चौदा,
थेट ऑगस्टच्या शेवटच्या रात्रीपर्यंत दोनशे चौदा.
ओयार्सो पडद्याकडे बघत राहिला.
त्याचा भाऊ याच पाण्यात गेला.
"असा समुद्र," तो म्हणाला, "एक दिवस तरी हवा होता."

मूळ स्तंभाची प्रत होती, वाचले.
हे शेपटाकडून धरायचं असतं.
तळाशी एक ओळ वाढवली,
नाहीतर शेवटची ओहोटी कडेवरून पडली असती.
शेवटचा आधी सरकला, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या,
चॅपेलच्या बाकावर उशिरा आलेल्याला जागा देताना
टोकाचा माणूस आधी सरकतो, तसे.
रेघा जुळल्या. अशा, की
खालची रेघ दिसेना.

काम संपलं होतं. तरी दुपारी फोन लावला
एदेल्मिराला, एलिसेओच्या मुलीला,
कास्त्रोच्या बाजारात ती बटाटे विकते.
नऊ जून, मी म्हटलं. ती हसली.
"माझा वाढदिवस."

त्या रात्री बाबा आईला होडीत घालून
पलीकडे सुईणीकडे वल्हवत गेले,
भावाला सोबत घेऊन, दुसरं वल्हं कोण मारणार.
घड्याळाला चावी द्यायची राहिली.
परत आले तेव्हा ते बंद, आणि लाँचचा भोंगा वाजत होता.
भोंगा म्हणजे आठ. पिढ्यान्‌पिढ्या आठ.
काटे आठवर नेले, पट्टीकडे धावले, आकडा लिहिला.
लाँचच्या नव्या मालकाने त्याच आठवड्यात
वेळ नऊची केली होती.
खाडीतल्या बटाटेवाल्यांना कोण सांगणार?

"एक सांग," एदेल्मिरा म्हणाली,
मागे कुणीतरी शिंपल्यांच्या भावावरून भांडत होतं,
"आई मरेपर्यंत म्हणायची, बाहेर पडल्यापासून परत येईस्तोवर
सहा तास गेले. पक्के सहा.
बाबा म्हणायचे, पाचच. वहीत बघ.
आणि वहीपुढे आईचं काय चालणार."

मी पडद्याकडे पाहिलं.
स्तंभ एक ओळ खाली सरकला होता,
आणि वर, जिथून तो सरकला,
एक घर मोकळं झालं होतं, आधीच्या पाचांना लागून.
बोटाने मोजली. पुन्हा मोजली.

"सहा," मी म्हणाले.

बराच वेळ नुसता बाजार ऐकू आला.
मग ती कुणाला तरी ओरडून म्हणाली,
दोन किलो, जांभळे, नीट निवडून घाल.
फोन चालूच होता.